बुद्धिबळाचे निराळे प्रकार ऑनलाइन, फुकट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेहमीचं बुद्धिबळ येतं, पण क्रेझीहाउस, अटॉमिक, चेस९६० असले प्रकार कुठे आणि कसे खेळायचे, असं विचारणारे संदेश मला पुण्यातून सतत येतात. एप्रिल २०२५ मध्ये आपल्याकडे महिलांची ग्रां प्री झाली आणि कोनेरू हंपी जिंकली, तेव्हापासून त्यात पालकांच्या प्रश्नांची बरीच भर पडली आहे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. बहुतेक उत्तरं लीचेस या सर्व्हरबद्दल आहेत. आशियाई प्रकारांसाठी थेट प्रश्न १४ वर जा.

१. लीचेस खरंच फुकट आहे, की थोड्या दिवसांनी पैसे मागतात?

खरंच फुकट आहे. थिबो ड्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१० मध्ये हा सर्व्हर सुरू केला. आज तो फ्रान्समधली एक ना-नफा संस्था चालवते. जाहिराती नाहीत आणि पैसे भरून उघडणारी वेगळी दालनंही नाहीत. खर्च देणग्यांवर चालतो. देणगी देणाऱ्याच्या नावापुढे पंखांचं छोटं चिन्ह येतं, बाकी त्याला आणि तुम्हाला मिळणाऱ्या सोयी अगदी सारख्या. सगळा कोडही खुला आहे, कुणीही वाचू शकतं. ज्याला परवडतं त्याने वर्षातून एकदा तरी थोडी देणगी द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

२. खातं काढावंच लागतं का?

नुसतं खेळून बघायचं असेल तर नाही. मित्राला लिंक पाठवा किंवा संगणकाशी खेळा. रेटिंगचे डाव (ज्यांनी तुमच्या ताकदीचा आकडा, म्हणजे रेटिंग, वर-खाली होतो) आणि स्पर्धा यांना मात्र खातं लागतं, त्यासाठी ईमेल पुरतो. नाव विचार करून घ्या, कारण नंतर फक्त त्यातली अक्षरं लहान-मोठी करता येतात, नाव बदलता येत नाही. मुलांच्या खात्यात पूर्ण नाव, शाळा किंवा जन्मवर्ष घालू नका. पानाची भाषा सेटिंगमध्ये मराठी करता येते.

३. एकूण प्रकार किती आणि कोणते?

नेहमीच्या खेळाव्यतिरिक्त आठ. चेस९६०मध्ये मागच्या रांगेतले मोहरे वेगळ्या क्रमाने लागतात (प्रश्न ५). क्रेझीहाउसमध्ये मारलेला मोहरा तुमचा होतो (प्रश्न ७). अटॉमिकमध्ये मारामारी झाली की स्फोट होतो (प्रश्न ८). अँटीचेसमध्ये सगळे मोहरे गमावणारा जिंकतो (प्रश्न ९). थ्री-चेकमध्ये तीनदा शह दिला की जिंकलात. किंग ऑफ द हिलमध्ये राजा डी४, ई४, डी५, ई५ यांपैकी एका घरात पोचला की जिंकलात. होर्डमध्ये पांढऱ्याकडे राजा नसतो, नुसती ३६ प्यादी असतात. काळ्याने ती सगळी मारायची, पांढऱ्याने काळ्याला मात द्यायची. रेसिंग किंग्जमध्ये राजांची शर्यत असते (प्रश्न १०).

४. मग सुरुवात कशाने करू?

क्लासला जाणारा, स्पर्धा खेळणारा असाल तर चेस९६०. घरात सात-आठ वर्षांचं मूल असेल तर किंग ऑफ द हिल किंवा थ्री-चेक, कारण मोहऱ्यांच्या चाली तशाच राहतात, फक्त जिंकायचा आणखी एक रस्ता मिळतो. अटॉमिकला लगेच हात घालू नका. पहिले काही डाव चार-पाच खेळींत संपतात आणि काय घडलं तेच कळत नाही. कुठलाही प्रकार उघडला की पहिली खेळी करण्याआधी एकच गोष्ट वाचा: हा डाव संपतो कसा. मला येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्याअधिक तक्रारी हे न वाचल्यामुळे आलेल्या असतात.

५. चेस९६०, फिशर रँडम आणि फ्रीस्टाइल यांत फरक काय? आणि ९६०च का?

तिन्ही नावं एकाच खेळाची. बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्युनोस आयर्सला हे नियम जाहीर केले. त्याचं म्हणणं असं की सुरुवातीच्या खेळी पाठ करून येणाऱ्याला त्याचा फायदा मिळू नये. प्यादी नेहमीच्या जागी, मागची रांग मात्र चिठ्ठी टाकून. अटी दोन: दोन उंट विरुद्ध रंगाच्या घरांत हवेत, आणि राजा दोन हत्तींच्या मधे हवा.

आकडा कसा येतो तेही बघा. एका उंटाला पांढरी चार घरं, दुसऱ्याला काळी चार. उरलेल्या सहापैकी एका घरात वजीर. मग पाच घरं राहतात, त्यांत दोन घोडे १० प्रकारे बसतात. शेवटच्या तीन घरांत राजा मधे आणि हत्ती दोन्हीकडे, म्हणजे एकच प्रकार. ४ × ४ × ६ × १० = ९६०. या मांडण्यांना ० ते ९५९ असे क्रमांक आहेत आणि आपली नेहमीची मांडणी त्यात ५१८ क्रमांकाची आहे.

हा खेळ आता हौशी राहिलेला नाही. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमपुस्तकात त्याला जागा आहे. २०१९ चं फिडेचं पहिलं विश्वविजेतेपद वेस्ली सोने मॅग्नस कार्लसनला हरवून मिळवलं, २०२२ चं हिकारू नाकामुराने.

६. चेस९६०मध्ये किल्लेकोट होतच नाही. राजा दोन घरं सरकवला तर नुसतं लाल दिसतं.

राजा उचलून स्वतःच्याच हत्तीवर ठेवा. मोबाइलवर आधी राजाला आणि मग हत्तीला बोट लावा. बस.

नियम असा, की किल्लेकोट झाल्यावर राजा आणि हत्ती नेहमीच्याच घरांत दिसायला हवेत: एकीकडे राजा जी आणि हत्ती एफ, दुसरीकडे राजा सी आणि हत्ती डी. निघाले कुठून, याला महत्त्व नाही. समजा सुरुवातीलाच तुमचा राजा जी१ वर आहे आणि हत्ती एच१ वर. किल्लेकोट केलात तर राजा जागचा हलत नाही, हत्ती फक्त त्याच्यावरून एफ१ वर येतो. म्हणून एफ१ रिकामं हवं. कधी याउलट हत्ती जागेवर राहतो आणि राजाच हलतो. बाकीच्या अटी आपल्या ओळखीच्या आहेत: दोघंही आधी हललेले नसावेत, दोघांच्या वाटेत तिसरा मोहरा नसावा, राजाला शह नसावा आणि त्याच्या वाटेतल्या घरांवर मारा नसावा.

७. क्रेझीहाउसमध्ये माझ्याकडे वजीर जास्त होता, तरी हरलो. असं कसं?

कारण इथे मोहऱ्यांचा हिशेब नेहमीसारखा चालत नाही. मारलेला मोहरा रंग बदलून तुमच्या हातात येतो आणि तुमच्या खेळीच्या वेळी तो कुठल्याही रिकाम्या घरात ठेवता येतो. ठेवणं हीच त्या वेळची खेळी. म्हणून वजिराची किंमत उतरते, घोड्याची आणि प्याद्याची चढते. शेजारच्या घरातून दिलेला शह आणि घोड्याचा शह मधे काही ठेवून अडवता येत नाही, त्यामुळे हातातला घोडा राजासमोर फार भारी पडतो.

एक मांडणी पटावर लावून बघा. काळा राजा एच८, शेजारी जी८ वर त्याचाच हत्ती, समोर जी७ आणि एच७ वर त्याचीच प्यादी, एफ७ रिकामं आणि तिथे मारा करणारं काळ्याचं कोणी नाही. पांढऱ्याने हातातला घोडा एफ७ वर ठेवला की मात. नेहमीच्या खेळात ही गुदमरून मात साधायला वजीर बळी द्यावा लागतो, इथे घोडा आभाळातून पडतो.

बारकावे: प्यादं पहिल्या किंवा आठव्या रांगेत ठेवता येत नाही. दुसऱ्या रांगेत ठेवलेलं प्यादं पुढे दोन घरं जाऊ शकतं. बढती मिळून वजीर झालेलं प्यादं मारलं, तर हातात प्यादंच येतं. प्यादं ठेवून मात करायला परवानगी आहे. शोगीत ती नाही (प्रश्न १४).

८. अटॉमिकमध्ये तिसऱ्याच खेळीला माझा राजा नाहीसा झाला. सर्व्हर चुकला का?

नाही. बहुधा हे झालं असेल: पांढऱ्याने पहिली खेळी घोडा एफ३ केली, तुम्ही एखादं कडेचं प्यादं हलवलंत, घोडा जी५ वर आला, तुम्ही दुसरं प्यादं हलवलंत, आणि घोड्याने एफ७ चं प्यादं मारलं. अटॉमिकमध्ये मारणारा, मरणारा आणि भोवतीच्या आठ घरांतले प्याद्यांखेरीज सगळे मोहरे उडतात. एफ७ च्या भोवती ई८, एफ८, जी८ येतात, म्हणजे तुमचा राजा, उंट आणि घोडा तिघंही गेले. राजा उडाला की डाव संपला. म्हणूनच घोडा एफ३ ला काळा बहुतेक वेळा प्यादं एफ६ खेळतो. आता घोडा जी५ किंवा ई५ वर आला तर ते प्यादं त्याला उडवतं.

इथले अपवाद जरा अवघड आहेत, म्हणून सावकाश वाचा. राजाला मारामारी करता येत नाही, केली तर तोच उडेल. ज्याने स्वतःचा राजा उडेल अशी कुठलीही खेळी चालत नाही. दोन राजे शेजारी-शेजारी उभे राहू शकतात आणि तसे असेपर्यंत शह लागत नाही, कारण एकाला उडवायचं तर दुसराही जाईल. तुम्हाला शह असला तरी त्याच खेळीत समोरचा राजा उडवता येत असेल तर शह सोडवायची गरज नाही. आणि प्यादं जाता जाता मारलं, तर स्फोटाचं केंद्र मारणारं प्यादं जिथे जाऊन थांबतं ते घर असतं, मेलेलं प्यादं होतं ते नव्हे. मला स्वतःला आठ प्रकारांत हा सगळ्यात आवडतो. इथे प्रत्येक घराची शेजारची आठ घरं बघायची सवय लागते.

९. अँटीचेसमध्ये मुलीला एकही खेळी उरली नव्हती, तरी ती जिंकली असं दाखवलं. बरोबर आहे?

बरोबर आहे. सगळे मोहरे संपले किंवा खेळायला खेळीच उरली नाही, तर तो खेळाडू जिंकतो. मारता येत असेल तर मारणं सक्तीचं असतं. एकापेक्षा जास्त पर्याय असतील तर कोणतं मारायचं ते तुम्ही ठरवा. राजा इथे साधा मोहरा आहे, त्याला शह नाही, किल्लेकोट नाही, आणि प्याद्याची बढती राजात सुद्धा होते.

नेहमीच्या सवयीने राजापुढचं प्यादं दोन घरं, म्हणजे ई४, खेळू नका. काळा बी५ खेळतो, तुमच्या एफ१ च्या उंटाला ते प्यादं मारावंच लागतं आणि तिथून डाव हातातून जातो. ई४, डी४, डी३ या तिन्ही पहिल्या खेळी हरतात हे सिद्ध झालेलं आहे. उलट ई३ खेळून पांढरा नेहमी जिंकू शकतो, हे मार्क वॉटकिन्स या गणितज्ञाने २०१६ मध्ये संगणकाच्या मदतीने दाखवलं. ते उत्तर इतकं प्रचंड आहे की कुणाच्या डोक्यात मावणार नाही, त्यामुळे माणसांमधल्या डावाची गंमत जात नाही.

१०. रेसिंग किंग्जमध्ये माझा राजा आधी पोचला, तरी डाव बरोबरीत?

तुम्ही पांढरे होतात. पांढरा पहिली खेळी करतो, म्हणून तो आठव्या रांगेत पोचल्यावर काळ्याला एक खेळी मिळते. काळा त्या खेळीत पोचला तर बरोबरी. काळा आधी पोचला तर लगेच जिंकतो. या प्रकारात शह देणं दोघांनाही मना आहे.

११. थ्री-चेकमध्ये दुहेरी शह दोन धरतात का?

नाही, एकच. मोजणी खेळीची असते. शह अडवला किंवा शह देणारा मोहरा लगेच मारला, तरी तो शह मोजला जातो. अर्थात नेहमीची मात झाली तर तीनची वाट बघावी लागत नाही.

१२. रेटिंगचं काय? याने माझं फिडे रेटिंग बदलतं का?

फिडेशी काही संबंध नाही. लीचेसवर आठही प्रकारांचं रेटिंग वेगवेगळं असतं, त्यामुळे अटॉमिकमध्ये आपटलात तर नेहमीच्या ब्लिट्झ रेटिंगला धक्का लागत नाही. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: नेहमीच्या खेळात डावाच्या वेळेप्रमाणे बुलेट, ब्लिट्झ, रॅपिड अशी वेगळी रेटिंग असतात, पण प्रकारांत तसं नाही. एक मिनिटाचा क्रेझीहाउस आणि दहा मिनिटांचा क्रेझीहाउस, दोन्हींचं रेटिंग एकच. नवं खातं १५०० पासून सुरू होतं आणि पुरेसे डाव होईपर्यंत पुढे प्रश्नचिन्ह दिसतं. तोवर आकडा मोठ्या उड्या मारतो, घाबरू नका.

१३. मुलाचे सर म्हणतात, याने खेळ बिघडतो. तुमचं मत काय?

सरांची काळजी मला समजते. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मूल रोज दोन तास अँटीचेस खेळत असेल तर मीही थांबवीन, कारण फुकट मोहरे द्यायची सवय बोटांना लागते. पण वर्षभर बंदी घालणं मला पटत नाही. आपल्या क्लासांत दहा वर्षांची मुलं सिसिलियन या सुरुवातीच्या बारा खेळी घडाघडा म्हणतात आणि तेराव्या खेळीला गप्प होतात. चेस९६०मध्ये पहिल्या खेळीपासून विचार करावा लागतो: कुठलं प्यादं सुटं आहे, उंट बाहेर कसा येईल. क्रेझीहाउसमध्ये राजाभोवतीची भोकं दिसायला लागतात.

आठवड्याला एक संध्याकाळ प्रकारांना आणि बाकीचे दिवस नेहमीच्या खेळाला, एवढं प्रमाण सरांशी बोलून ठरवा. खात्यात किड मोड चालू करा, म्हणजे गप्पा आणि खासगी संदेश बंद होतात.

१४. शोगी, शियांगची वगैरे लीचेसवर दिसत नाहीत. ते कुठे खेळायचे?

पायचेस या सर्व्हरवर. तोही फुकट आणि खुल्या कोडचा आहे. लीचेसच्याच खात्याने आत जाता येतं, खात्याशिवायही खेळता येतं. जपानी शोगी, चिनी शियांगची, कोरियन जांगी, थाई माकरुक, म्यानमारचा सित्तुयिन असे पूर्वेकडचे खेळ तिथे एका जागी आहेत. संगणकाशी खेळताना समोर फेअरी-स्टॉकफिश हे इंजिन (खेळी शोधणारा प्रोग्रॅम) असतं, ते खास अशा प्रकारांसाठी बनवलेलं आहे. जपानी-चिनी अक्षरं वाचता येत नसतील तर सेटिंगमध्ये चित्रांचे मोहरे निवडा.

मराठी माणसाला शियांगचीत सुरुवातीला एक घोळ होतो. तिथे कोपऱ्यात रथ असतो आणि तो आपल्या हत्तीसारखा सरळ चालतो. ज्याला हत्ती म्हणतात तो तिरका बरोबर दोन घरं जातो, मधलं घर अडलेलं असेल तर जाऊ शकत नाही, आणि पटाच्या मधली नदी कधीच ओलांडत नाही. मोहरे घरांत नाही, रेषांच्या छेदांवर बसतात. घोड्याचाही पाय अडतो. तोफ सरळ चालते, पण मारायचं असेल तर मधे कुणीतरी एक हवाच.

शोगीत मारलेले मोहरे क्रेझीहाउससारखे हातात येतात, पण दोन बंधनं आहेत. एका उभ्या ओळीत आपलं बढती न झालेलं प्यादं आधीच असेल तर तिथे दुसरं ठेवता येत नाही. आणि हातातलं प्यादं ठेवून थेट मात करता येत नाही, केलीत तर हरलात. पटावरचं प्यादं पुढे सरकवून मात केली तर चालते.

१५. स्पर्धेत दोन फेऱ्यांच्या मधे मुलं चौघं मिळून खेळतात, तो प्रकार कोणता?

बगहाउस. दोन पट, दोन जोड्या. तुम्ही मारलेला मोहरा जोडीदाराच्या हातात जातो. लीचेसवर तो नाही, चेस डॉट कॉम आणि पायचेसवर आहे. एकट्याने सराव करायचा तर क्रेझीहाउस हा त्याचा सगळ्यात जवळचा भाऊ.

१६. आजोबा देशी नियमांनी खेळतात. ते नियम ऑनलाइन मिळतील का?

लीचेसच्या आठ प्रकारांत ते नाहीत. देशी नियम गावोगाव थोडे वेगळे होते, पण ठळक गोष्टी अशा: प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालतं, किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह लागलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची उडी मिळते, आणि प्यादं ज्या ओळीच्या टोकाला पोचतं त्या ओळीचा मोहरा बनतं. प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, विशेष मानाची.

हे नियम लहान समजू नका. पंजाबातले मीर सुलतान खान असल्याच नियमांवर वाढले आणि पुढे १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. फिडेने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. माझं सांगणं असं, की आजोबांबरोबर लाकडी पटच मांडा, आणि त्यांच्या घरचे बारीकसारीक नियम वहीत उतरवून घ्या. बढतीचा नियम, उडीचा नियम आणि एकट्या राहिलेल्या राजाचं काय करायचं, हे तीन आधी विचारा. ही माहिती बहुतेक घरांत आता एकाच माणसाकडे उरलेली असते.

१७. मधेच नेट गेलं तर?

घड्याळ चालूच राहतं. परत आलात तर डाव जिथे होता तिथून पुढे सुरू. बराच वेळ आला नाहीत तर समोरच्याला विजय मागता येतो. बसमधून किंवा सिग्नल जाणाऱ्या ठिकाणाहून खेळत असाल तर रेटिंगचा डाव नको, साधा खेळा. समोरचाही तुमच्यासाठी वेळ काढून बसलेला असतो.

१८. नेहमीचं इंजिन या प्रकारांत चालत नाही, मग थोडी मदत घेतली तर कळतं का?

कळतं. आणि नाही कळलं तरी घेऊ नका. डाव चालू असताना इंजिनची किंवा शेजारी बसलेल्या माणसाची मदत घेणं दोन्ही नियमाविरुद्ध आहे, खातं बंद होऊ शकतं. डाव संपल्यावर मात्र संगणकाचं विश्लेषण हवं तेवढं करा, ते प्रकारांसाठीही फुकट आहे. अटॉमिक आणि अँटीचेसमध्ये पटावर सहा मोहरे उरले की त्या स्थितीचं अचूक उत्तरही तिथे बघता येतं.

१९. लीचेसच्या अरीना स्पर्धेत (ठरलेल्या वेळेत जमतील तेवढे डाव) गुण कसे मोजतात?

विजयाला दोन, बरोबरीला एक. लागोपाठ दोन जिंकलात की नावापुढे ज्वाळा येते आणि मालिका तुटेपर्यंत गुण दुप्पट. बर्सर्क हे बटण दाबलंत तर तुमचा वेळ निम्मा होतो, प्रत्येक खेळीची वाढीव सेकंदं जातात, आणि जिंकल्यास एक गुण जास्त मिळतो. उशिरा आलात तरी सामील होता येतं. वेळा तुमच्या फोनच्या घड्याळाप्रमाणे दिसतात, त्यामुळे भारतीय वेळेचा हिशेब करावा लागत नाही.

२०. समोरच्याकडे नुसता राजा होता आणि माझी वेळ संपली. कधी बरोबरी देतात, कधी मी हरतो. नक्की नियम काय?

नियम एकच: वेळ संपलेली नसलेल्या खेळाडूला त्या प्रकारात जिंकणं कुठल्याही मार्गाने शक्य आहे का, हे बघितलं जातं. शक्य असेल तर तो जिंकतो, नसेल तर बरोबरी. फरक पडतो तो प्रकारामुळे.

नेहमीच्या खेळात आणि चेस९६०मध्ये एकटा राजा मात देऊ शकत नाही, म्हणून बरोबरी. थ्री-चेकमध्येही एकटा राजा शह देऊ शकत नाही, म्हणून बरोबरी, पण त्याच्याकडे एक घोडा जरी असेल तरी तो तीन शह देऊ शकतो, म्हणून तुम्ही हरता. किंग ऑफ द हिलमध्ये एकटा राजा मधल्या घरात जाऊन जिंकू शकतो, रेसिंग किंग्जमध्ये आठव्या रांगेत पोचून. दोन्हीकडे तुम्ही हरता. क्रेझीहाउसमध्ये मोहरे पटावरून जातात पण डावातून जात नाहीत, म्हणून तिथेही वेळ संपली की हरलात. अँटीचेसमध्ये दोघांकडे एकेकच उंट उरला आणि ते विरुद्ध रंगांच्या घरांतले असतील, तर ते एकमेकांना कधीच भेटू शकत नाहीत. असा डाव वेळ संपायची वाट न बघता आपोआप बरोबरीत सुटतो.